रिबेटचं कार्ड आणि बुडालेले ४१ डॉलर ५३ सेंट

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये बर्फ पडायच्या आत गाडीचे चारही टायर बदलून घेतले. एक टायर १६० डॉलरचा, चारांचे ६४०. त्यावर टायर कंपनीचा ८० डॉलरचा मेल-इन रिबेट होता, म्हणजे आधी पूर्ण किंमत भरायची आणि मग टपालाने फॉर्म पाठवून तेवढे पैसे परत मागायचे. दुसऱ्या कंपनीचे टायर ६०० ला मिळत होते, पण नवऱ्याने हिशेब मांडला की ८० परत आले म्हणजे हे आपल्याला ५६० लाच पडले. म्हणून हे घेतले. फॉर्म भरला, बिलाची कॉपी जोडली, पाकीट पोस्टात टाकलं, ते सगळं मी.

डिसेंबरात आम्ही सांगलीला गेलो, ते जानेवारीच्या शेवटी परतलो. शेजारच्या काकूंनी आमचं टपाल एका पिशवीत भरून ठेवलं होतं. फेब्रुवारीत ती पिशवी उपसायला बसले तेव्हा जाहिरातींच्या गठ्ठ्यात एक साधं पांढरं पाकीट निघालं. नवरा ते फाडून टाकणारच होता. आत ८० डॉलरचं प्रीपेड कार्ड, म्हणजे आधीच पैसे भरलेलं. आम्ही तर चेक येणार असंच धरून चाललो होतो.

इंडियन ग्रोसरीत ३८ डॉलर ४७ सेंटचं सामान घेतलं, तिथे कार्ड चाललं. उरले ४१ डॉलर ५३ सेंट. मग गाडीत गॅस, म्हणजे पेट्रोल, भरायला दिलं तर पंपावरचा मुलगा कार्ड परत घेऊन आला आणि ‘डिक्लाइन्ड’ म्हणाला. मागे तीन गाड्या उभ्या. नंतर एकदा जेवायला गेलो, बिल बरोबर ४० डॉलर झालं, तिथेही कार्ड परत आलं. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की ते पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकून दिलं. जुलैत काढलं तर त्याची मुदत जूनमध्येच संपली होती.

एवढ्यावर भागलं नाही. मुलीच्या कॉन्टॅक्ट लेन्सचे वर्षभराचे ८ खोके घेतले, त्यावर २०० डॉलर रिबेट. दुकानात त्या दिवशी ६ खोकेच होते, उरलेले २ आठवड्याने मिळाले, त्यामुळे पावत्या दोन झाल्या. तीन आठवड्यांपूर्वी ईमेल आली की पावती अटींत बसत नाही, क्लेम नामंजूर.

नवरा म्हणतो, “सोड ना आता. दोनशे-अडीचशे डॉलरसाठी किती जीव काढशील?” ताई, मी खरंच चिक्कू आहे का? आणि आपलेच पैसे परत द्यायचे तर या कंपन्या सरळ चेक का देत नाहीत?

– वैतागलेली, एडिसन

ताईचं उत्तर

तुमच्या दोन्ही प्रश्नांकडे येते, पण आधी लेन्स. ते २०० डॉलर अजून गेलेले नाहीत आणि त्यांना तारीख आहे.

आज संध्याकाळीच ती नामंजुरीची ईमेल उघडा आणि शेवटपर्यंत वाचा. कागदपत्रं दुरुस्त करून पाठवायची मुदत बहुतेक वेळा तळाशी बारीक अक्षरांत असते. तिथे नसेल तर ऑफरच्या मूळ अटींत शोधा. तीन आठवडे गेलेच आहेत, म्हणजे हाताशी फार दिवस नसतील. नवा क्लेम मात्र भरू नका. त्याच खरेदीचा दुसरा क्लेम आला की ‘डुप्लिकेट’ म्हणून तोही अडकायची भीती असते. जुन्या क्लेम नंबरावरच नवा कागद जोडायचा.

तो कागद लेन्सच्या दुकानातून आणायचा आहे. तुम्ही ऑर्डर एकदाच दिली होती, आठही खोक्यांची. त्यांच्याकडे माल कमी होता म्हणून पावत्या दोन झाल्या, त्यात तुमची काही चूक नाही. दुकानात जाऊन सांगा की एकाच कागदावर मुलीचं नाव, ऑर्डरची तारीख, लेन्सचं नाव, ८ खोके आणि एकूण भरलेली रक्कम असं स्टेटमेंट छापून द्या. हे काम फोनवर सांगितलं की राहून जातं, म्हणून समक्ष जा. जाताना दोन्ही पावत्या न्या, पण मूळ पावती कुणालाही देऊन टाकू नका, कॉपी द्या. मग रिबेट केंद्राला, म्हणजे जिथे हे क्लेम तपासतात तिथे, फोन करून एकच विचारा, “नेमकी कुठली अट मोडली?” ‘पावती अटींत बसत नाही’ हे उत्तर नव्हे. अट क्रमांकासह सांगायला लावा, बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून घ्या आणि त्यानंतरच नवा कागद पाठवा. फोन उचलणाऱ्या मुलीने हात वर केले तर तिच्या वरच्या माणसाकडे द्यायला सांगा. ती बिचारी तिथे नियम करत नाही, तिच्यावर रागावून काही हाती लागणार नाही.

आता कार्ड.

ते फेकलं नसेल अशी आशा करते. हातात घ्या आणि पुढची बाजू वाचा. अमेरिकेत २००९ साली क्रेडिट कार्डांचा मोठा कायदा झाला. त्यात गिफ्ट कार्डांचे नियमही आले आणि ते २०१० च्या ऑगस्टपासून लागू झाले. आपण दुकानातून विकत घेतो त्या गिफ्ट कार्डातले पैसे किमान ५ वर्षं टिकले पाहिजेत, आणि कार्ड वर्षभर पडून राहिल्याशिवाय त्यावर फी लावता येत नाही. तुम्ही म्हणाल, मग माझं कार्ड सहा महिन्यांत कसं मेलं? त्याच नियमांत बक्षीस किंवा प्रमोशन म्हणून दिलेली कार्डं वगळलेली आहेत आणि रिबेटचं कार्ड त्यांच्यातच मोडतं. अशा कार्डावर बंधनं मोजकीच. ते प्रमोशनचं आहे हे पुढच्या बाजूला छापायचं, पैसे कधी संपणार ती तारीखही पुढेच छापायची, फी असेल तर कार्डावर किंवा सोबतच्या कागदावर सांगायची आणि चौकशीसाठी टोल-फ्री नंबर द्यायचा. हे सगळं छापलं की झालं.

मला हे मुळातच पटत नाही आणि का पटत नाही ते सांगते. तुमच्याच टायरचा हिशेब घेऊ. न्यू जर्सीचा सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के आहे. तो तुमच्याकडून पूर्ण ६४० वर घेतला गेला, ४२ डॉलर ४० सेंट. रिबेट नंतर येतो म्हणून त्या ८० डॉलरवरचा ५ डॉलर ३० सेंट टॅक्सही तुम्हीच भरलात, आणि तो कुठल्याच कार्डावर परत येत नाही. म्हणजे ऑक्टोबरात तुमच्या खात्यातून ६८२ डॉलर ४० सेंट गेले आणि आजवर परत आले ते ३८ डॉलर ४७ सेंट. टायर पडले ६४३ डॉलर ९३ सेंटला. जे ६०० चे टायर तुम्ही सोडलेत ते टॅक्स धरून ६३९ डॉलर ७५ सेंटला मिळाले असते. स्वस्त म्हणून घेतलेले टायर ४ डॉलर १८ सेंटने महाग पडले. हा कागद नवऱ्यापुढे ठेवा, त्याच्याशी मला अजून बोलायचं आहे.

आणखी एक गोष्ट. इथलं आयकर खातं, आयआरएस, गिऱ्हाइकाला मिळालेल्या रिबेटला उत्पन्न मानत नाही. ती किमतीतली कपात धरतात, म्हणून तुम्ही त्यावर आयकर भरत नाही. हे बरोबरच आहे. मग टॅक्सच्या वेळी जी रक्कम किमतीचा भाग असते ती परत करायच्या वेळी बक्षीस कशी होते? भाच्याच्या वाढदिवसाला घेतलेलं गिफ्ट कार्ड ५ वर्षं चालतं आणि तुमच्या स्वतःच्या खिशातून गेलेले ८० डॉलर सहा महिन्यांत संपतात. रिबेट हे देणं आहे. कंपनीने लिहून दिलेलं देणं. तुम्ही त्या शब्दावर विश्वास ठेवून दुसऱ्याचे टायर सोडलेत.

तर कार्डाच्या मागच्या नंबरावर फोन करा आणि विचारा की मुदत कार्डाची संपली की आतल्या पैशांची. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त कार्डाची संपली असेल तर उरलेल्या ४१ डॉलर ५३ सेंटचं नवं कार्ड मागा, चेक देत असतील तर चेकच मागा. पैशांचीच मुदत संपली असेल तर कायदा त्यांना द्यायला भाग पाडत नाही, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते. तरीही मागा. नाही म्हणाले तर कार्डवाल्यांशी वाद घालत न बसता टायर कंपनीला लिहा. ८० डॉलर परत देण्याचा शब्द त्यांचा होता. कार्ड काढून देणारी संस्था त्यांनीच नेमलेली आहे. पत्र चार ओळींचं पुरे. अमुक तारखेला अमुक टायर घेतले, तुमच्या रिबेटमुळे घेतले, कार्ड आलं तेव्हा आम्ही देशाबाहेर होतो, मुदत कार्ड निघाल्यापासून मोजली गेली, उरलेली रक्कम कृपया चेकने द्यावी. सोबत बिलाची आणि कार्डाच्या पुढच्या बाजूची कॉपी, नंबर झाकून.

तरीही दाद लागली नाही तर फेडरल ट्रेड कमिशनकडे, म्हणजे एफटीसी या ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, ऑनलाइन तक्रार नोंदवा आणि न्यू जर्सीच्या डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सकडे, म्हणजे राज्याच्या ग्राहक खात्याकडेही. एफटीसी तुमचे ४१ डॉलर वसूल करून देईल असं मी म्हणणार नाही, एकेका माणसाचा तंटा ते सोडवत नाहीत. पण तक्रारींचा ढीग झाला की ते उठतात. २००५ साली कॉम्पयूएसए या तेव्हाच्या मोठ्या कॉम्प्युटर साखळीवर त्यांनी कारवाई केली होती. क्यूपीएस नावाची एक कंपनी आपल्या मालावरचे रिबेट देत नव्हती, आणि हे माहीत असूनही साखळीने त्या रिबेटची जाहिरात चालूच ठेवली, असा आरोप होता. शेवटी लोकांचे अडकलेले रिबेट साखळीने द्यायचं कबूल केलं. म्हणून दुकानदार जेव्हा म्हणतो की “रिबेट कंपनीचा आहे, आमचा काही संबंध नाही”, तेव्हा मान डोलावून बाहेर पडू नका. एफटीसीचं म्हणणं साफ आहे. दिलेल्या मुदतीत रिबेट पाठवला पाहिजे, आणि मुदत सांगितलीच नसेल तर वाजवी वेळात.

आता तुमचा प्रश्न. सरळ चेक का देत नाहीत?

एके काळी देत होते. १९७५ च्या जानेवारीत क्रायस्लर कंपनीच्या गाड्या पडून होत्या, तेव्हा त्यांनी सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, वेळी जाहिरात केली की गाडी घ्या आणि चेक घेऊन जा. रिबेट हा शब्द घरोघरी पोचला त्याला अशा जाहिराती कारण झाल्या. मग हे लोण प्रिंटर, हार्ड डिस्क, फोन असं सगळीकडे पसरलं. विकणाऱ्याचा फायदा उघड आहे. जाहिरातीत कमी किंमत लावता येते, गिऱ्हाईक त्या किमतीवर भुलतं, आणि मागाहून सगळेच काही फॉर्म भरत नाहीत. जे भरतच नाहीत त्यांना या धंद्यात ‘ब्रेकेज’ म्हणतात. ज्यांना चेक मिळतो पण तो बँकेत पडत नाही त्यांना ‘स्लिपेज’. माणसाच्या विसरण्याला धंद्यात नाव आहे आणि ते हिशेबात धरलेलं असतं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं, कारण त्या हिशेबात मीही एकदा गेले होते.

२००३ साली आम्ही ओहायोत होतो. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी पहाटे चार वाजता रांगेत उभं राहून प्रिंटर आणला, ‘रिबेटनंतर’ ५० डॉलर कमी. त्या दिवसांत आपल्या बहुतेक घरांत हे चालायचं. जेवणाच्या टेबलावर खोका आडवा ठेवून मी भाजी चिरायच्या सुरीने बारकोड कापला, तो फॉर्मसोबत पाठवायचा होता. पुठ्ठा दुपदरी होता, सुरी वरचा पदर कापून घसरायची, आणि बारकोडाच्या रेघेवर चीर गेली तर क्लेम बाद होईल या भीतीने मी श्वास रोखून कापत होते. मग लायब्ररीत जाऊन एका पानाला १० सेंट देऊन सगळ्याच्या कॉप्या काढल्या. पाकिटावर पत्ता मिनेसोटातल्या यंग अमेरिका नावाच्या गावचा. तुमच्यापैकी जुन्या लोकांना हा पत्ता आठवत असेल, कितीतरी कंपन्यांचे फॉर्म त्याच गावी जायचे. दहा आठवड्यांनी चेक आला तो पोस्टकार्डासारखा, ना पाकीट, ना कंपनीचं ओळखीचं नाव. मला ती जाहिरात वाटली. रद्दीत टाकली नाही हेच नशीब, वाणसामानाच्या याद्यांच्या क्लिपला लावून ठेवली. उन्हाळ्यात हाती लागली तेव्हा वर छापलेलं दिसलं की ९० दिवसांनंतर वटणार नाही. फोन केला तर तिकडून एकच वाक्य, “अटी मागच्या बाजूला छापल्या आहेत, मॅडम.” चार वेळा ऐकलं आणि फोन ठेवला. ते ५० डॉलर आजही मला आठवतात, आणि आठवले की त्या वाक्यासकट आठवतात.

अशा तक्रारी इतक्या वाढल्या की २००५ मध्ये बेस्ट बाय या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानसाखळीने मेल-इन रिबेट दोन वर्षांत बंद करू असं जाहीर केलं. २००७ च्या एप्रिलमध्ये एफटीसीने सॅन फ्रान्सिस्कोत याच विषयावर खास बैठक घेतली. अनेक दुकानांनी मग काउंटरवरच किंमत कमी करून द्यायला सुरुवात केली आणि तीच रीत बरी. पण टायर, लेन्स, घरातली मोठी यंत्रं यांत रिबेट टिकून राहिला आणि चेकच्या जागी प्रीपेड कार्ड आलं. मिडवेस्टमध्ये मेनार्ड्ससारखी घरदुरुस्तीच्या सामानाची दुकानं ११ टक्के रिबेट देतात तो तर त्यांच्याच दुकानात वापरायच्या क्रेडिटच्या रूपात.

चेक बँकेत गेला की अख्खा जातो, सेंटासकट. कार्डाचं तसं नाही. त्यावर ४१ डॉलर ५३ सेंट उरले की बरोबर तेवढ्याच रकमेची वस्तू जगात कुठे मिळते? उरलेले तीन डॉलर, दोन डॉलर कार्डावरच राहतात आणि तारीख उलटून जाते. म्हणून कार्ड आणि चेक यांतला फरक नुसता कागद-प्लॅस्टिकचा नाही, ८० डॉलरचं कार्ड हे ८० डॉलर नव्हेतच.

तुमचं कार्ड दोनदा नाकारलं गेलं त्यात तुम्ही ओशाळण्यासारखं काहीही नव्हतं. पंपावर कार्ड घासलं की किती गॅस भरणार हे यंत्राला ठाऊक नसतं, म्हणून ते आधीच मोठी रक्कम अडवून ठेवायला बघतं, कधी १७५ डॉलरपर्यंत. कार्डात ४१ आहेत म्हटल्यावर नकार. रेस्टॉरंटमध्ये टिप धरून बऱ्याचदा बिलाच्या २० टक्के जास्त अडवतात, म्हणजे ४० च्या बिलाला ४८ लागले असते. न्यू जर्सीत आपण स्वतः गॅस भरत नाही, मुलगा कार्ड घेऊन जातो आणि सगळ्यांसमोर परत आणतो, त्यामुळे ते जास्त लागतं. पण पैसे कार्डात होते. त्या मुलालाही हे ठाऊक नव्हतं आणि तुम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचं कार्ड आलं की त्याच दिवशी चालू करा आणि त्याच दिवशी संपवा. पर्समध्ये ठेवायचं नाही. सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे फोनचं किंवा विजेचं बिल. ऑनलाइन भरताना रक्कम आपण टाकू शकतो, तिथे ८० टाकायचे, उरलेलं बिल नेहमीच्या खात्यातून. बिलवाले प्रीपेड कार्ड घेत नसतील किंवा वर फी लावत असतील तर ग्रोसरीत न्या आणि कार्ड घासायच्या आधी काउंटरवर स्पष्ट सांगा, “या कार्डावर एवढे घ्या, बाकीचे दुसऱ्यावर.” आकडा तुम्ही सांगायचा, सेंटासकट, नाहीतर यंत्र पूर्ण बिल मागतं आणि कार्ड परत येतं. ऑनलाइन वापरायचं असेल तर कार्डाच्या साइटवर आपला झिप कोड (इथला पिनकोड) आधी नोंदवा, नाहीतर पत्ता जुळत नाही म्हणून नकार मिळतो. आणि कार्ड ईमेलने येणार असेल तर स्पॅमचा फोल्डर बघत राहा. त्या ईमेल इतक्या अनोळखी नावाने येतात की शहाणी माणसं त्या फसवणुकीच्या समजून पुसून टाकतात. लिंक उघडायच्या आधी क्लेम नंबर जुळवून बघा.

खरा प्रश्न मात्र खरेदीच्या आधी विचारायचा असतो. टायर निवडताना तुम्ही ‘किती’ विचारलंत, ‘कशाने’ आणि ‘किती दिवसांत’ हे विचारलं नाहीत. फॉर्म तिथेच काउंटरवर मागून वाचा. काही फॉर्मवर चेक की कार्ड असा पर्याय असतो आणि आधीच टिक केलेली असते ती कार्डावर. चेकचा पर्याय असेल तर तोच घ्या. नसेल तर तो रिबेट मनातल्या मनात निम्मा धरा आणि मगच किमती ताडून बघा. तुमच्या बाबतीत ६४० वजा ४० म्हणजे ६००. दोन्ही टायर सारखेच ठरले असते आणि मग तुम्ही टायर बघून टायर घेतले असते.

राहिला नवरा.

तुम्ही चिक्कू नाही. पण मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त टोचलं ते एक वाक्य, “ते सगळं मी.” टायर ५६० ला पडतात हा हिशेब त्याने केला, त्या हिशेबावर निर्णय घेतला गेला, आणि ६४० चे ५६० करायची मेहनत तुमच्या वाट्याला आली. फॉर्म, कॉपी, पोस्ट, पिशवी उपसणं, पंपावर ओशाळणं. आणि ते जमलं नाही तेव्हा तो म्हणतो सोड. सोडायचंच होतं तर दुकानात सोडायला हवं होतं. त्याचं म्हणणं अगदीच चूक आहे असं नाही. एका कार्डापायी आठ-दहा दिवस घर धुमसत ठेवू नये, वेळेलाही किंमत असते. पण तो वेळ तुमचा आहे, त्यामुळे कुठे थांबायचं हे तुम्ही ठरवा. माझ्या मते लेन्ससाठी हवा तेवढा वेळ द्या, कारण २०० डॉलर ही लहान रक्कम नव्हे आणि बाजू तुमची भक्कम आहे. कार्डासाठी एक फोन, एक पत्र, एक तक्रार, आणि तो फोन त्याने करायचा. शनिवारी सकाळी चहा झाला की कार्ड आणि वरचा हिशेब त्याच्या हातात द्या. रागाने नको. वीस मिनिटं होल्डवरचं संगीत ऐकलं की त्याला पुष्कळ काही आपोआप कळेल. आणि यापुढे घरात असं ठरवा की रिबेट धरून किंमत जो सांगेल, फॉर्म त्याने भरायचा.

सांगलीचं राहिलं. आपण हिवाळ्यात पाच-सहा आठवडे घरी जातो आणि नेमकं त्याच वेळी सणासुदीच्या खरेदीचे चेक न् कार्डं येतात. पोस्ट ऑफिस टपाल अडवून ठेवतं ते फार तर ३० दिवस, तुमची वारी त्याहून मोठी होती. पोस्टाची इन्फॉर्म्ड डिलिव्हरी नावाची फुकट सोय आहे, ती जायच्या आधी चालू करा. येणाऱ्या पाकिटांचे फोटो रोज ईमेलने येतात. सांगलीत सकाळी चहा घेताना बघता येतील. अनोळखी पत्त्याचं साधं पांढरं पाकीट दिसलं की शेजारच्या काकूंना व्हॉट्सॲप करा, ते तेवढं पिशवीत न टाकता फ्रीजवर वेगळं ठेवा म्हणून.

– ताई